दुखणे कुणाचे, दागिना कुणाचा?

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापडही तयार होते आणि औषधही. एका रस्त्याला सूत रंगते, सुटाचे आणि पडद्यांचे कापड विणले जाते. पलीकडच्या रस्त्याला गोळ्यांत आणि इंजेक्शनांत जाणारी रसायने बनतात. समुद्राकाठच्या अणुवीज केंद्रात, जे १९६९ साली सुरू झाले, कामगार अंगावर एक बिल्ला लावतो. तो शोभेचा नसतो. शरीरावर किती किरणोत्सर्ग पडला हे मोजण्यासाठी असतो. वस्त्र, औषध आणि अंगावर बाळगायचे उपकरण या तिन्ही गोष्टी पालघर-बोईसरच्या माणसाला नव्या नाहीत. त्यामुळे आज ज्या कलाप्रकाराविषयी आम्ही लिहीत आहोत, तो लंडन-मिलानच्या रंगमंचावरचा असला तरी त्याची कच्ची सामग्री आपल्या घराच्या दाराशीच आहे, असे आम्हांस वाटते.

गेल्या तीन दशकांत युरोपातील फॅशनच्या जगात एक काळोखी धारा वाहत आली आहे. तिचे वेशभूषाकार रेशीम आणि जर यांच्याकडे पाठ फिरवून इस्पितळाकडे वळले. मोडलेला कणा सावरणारा पट्टा, डोक्याला गुंडाळलेली पांढरी पट्टी, तोंडाला जोडलेली श्वासनळी, कृत्रिम पाय, रक्त तपासण्याची काचपट्टी, वेड्यांच्या इस्पितळात रुग्णाचे हात जखडून ठेवणारा अंगरखा अशा वस्तूंवरून त्यांनी पोशाख रचले. हे पोशाख लग्नाला किंवा कचेरीला जाण्यासाठी नसतात. ते एखाद्या चित्रासारखे, एखाद्या नाटकातल्या प्रवेशासारखे पाहायचे असतात. आणि म्हणूनच त्यांची समीक्षा कापडाच्या पोतावरून किंवा किंमतीवरून करून भागत नाही.

अशी चित्रे आज आपल्या मुलामुलींच्या मोबाइलवर सहज येतात. आपल्या धर्मग्रामांतील काही मुली मुंबईत फॅशनचे शिक्षण घेतात आणि सुट्टीत घरी आल्या की वहीतली रेखाटने आईसमोर ठेवतात. ती पाहून घरात दोन प्रकारचे उद्गार निघतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, हा विकृतपणा आहे. इस्पितळात जे पाहावत नाही ते अंगावर कशाला घालायचे? तरुण म्हणतात, हे धाडस आहे. तुम्हांला कला कळत नाही. आमच्या मते दोन्ही उद्गार घाईचे आहेत. भय वाटणे म्हणजे वाईट असणे नव्हे, आणि धक्का देणे म्हणजे थोर असणेही नव्हे. या कलेला लावण्याजोगी कसोटी आम्हांला एका साध्या प्रश्नात दिसते. जे दुखणे या पोशाखाने उसने घेतले आहे, त्याचा धनी कोण? आणि तो धनी त्या पोशाखात कुठे दिसतो का?

ही कसोटी ज्या कलावतीपाशी प्रथम पारखून घ्यावी, ती फॅशनच्या जगातली नव्हे. मेक्सिकोची चित्रकार फ्रीडा काहलो हिला लहानपणीच पोलिओ झाला होता. १७ सप्टेंबर १९२५ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, ती बसच्या अपघातात सापडली आणि तिचा कणा, कंबर व उजवा पाय मोडला. पुढचे सारे आयुष्य प्लॅस्टरच्या, चामड्याच्या आणि पोलादाच्या पट्ट्यांत गेले. हे प्लॅस्टरचे पट्टे तिने तसेच पांढरे ठेवले नाहीत. अंगावर असतानाच त्यांच्यावर चित्रे काढली. १९४४ साली काढलेल्या आपल्याच एका चित्रात तिने कण्याच्या जागी तडकलेला दगडी खांब दाखवला आणि देहाभोवती पोलादी पट्टा. १९५३ मध्ये तिचा उजवा पाय कापावा लागला, तेव्हा कृत्रिम पायासाठी तिने लाल चामड्याचा बूट करून घेतला. त्यावर चिनी भरतकाम आणि बारीक घुंगरू होते. १९५४ साली ती वारली. तिच्या या वस्तू घरातल्या एका बंद खोलीत राहिल्या, ती खोली २००४ मध्ये उघडली, आणि २०१८ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्या मांडल्या गेल्या.

या वस्तू पाहताना दया येत नाही, आदर वाटतो. त्याचे कारण उघड आहे. दुखणे तिचे, देह तिचा आणि कुंचलाही तिचाच. विशेष म्हणजे तिने सगळेच उघडे केले नाही. मेक्सिकोच्या बायकांचा पायघोळ घागरा ती आवडीने घाली आणि त्याखाली अशक्त पाय झाकला जाई. काय दाखवायचे आणि काय झाकायचे हे ती स्वतः ठरवत होती. वेदनेचे वस्त्र करण्याचा अधिकार नेमका या निवडीत असतो.

आता ज्याच्या नावाशिवाय हा विषय पुरा होत नाही, त्या अलेक्झांडर मॅक्वीनकडे वळू. १९६९ साली लंडनमध्ये एका टॅक्सीचालकाच्या घरी तो जन्मला. शाळा सोडून सोळाव्या वर्षी सॅव्हिल रो या शिंपीगल्लीतील एका नामांकित दुकानात तो उमेदवारीला लागला. कोट बेतण्याची आणि शिवण्याची विद्या तो तिथे शिकला. त्याची पुढची सारी बंडखोरी या पक्क्या हातावर उभी होती, हे विसरता कामा नये. सप्टेंबर १९९७ मध्ये त्याने दाखवलेल्या संग्रहात शॉन लीन या दागिने घडवणाऱ्या कारागिराने केलेली एक अंगी होती. माणसाच्या सापळ्यावरून साचा घेऊन अॅल्युमिनियममध्ये ओतलेला कणा आणि बरगड्या, आणि खाली शेपटीसारखे वळलेले मणके. मॉडेल ती काळ्या पोशाखावर बाहेरून बांधून चालत आली. देहाच्या आत जे असते ते बाहेर आले, आणि आधार देणारा पट्टा व आधार मागणारा कणा एकच होऊन बसले.

कारागिरी म्हणून ही वस्तू अजोड आहे. पण आमच्या कसोटीवर ती अर्धवटच उतरते. तो कणा कुणाचाच नाही. तो सुंदर आहे, भयावह आहे, परंतु त्याला कधी कळ आली असेल असे वाटत नाही. फ्रीडाच्या चित्रातला तडकलेला खांब पाहताना आपली पाठ दुखते. इथे आपण नुसते थक्क होतो. त्याआधीच्या वर्षी, १९९६ साली, मॅक्वीनने स्पिटलफील्ड्समधील ख्राइस्ट चर्च या जुन्या मंदिरात ‘दान्ते’ नावाचा संग्रह दाखवला होता. त्यात काही मुखवट्यांवर क्रुसावरची ख्रिस्तमूर्ती बसवलेली होती आणि काट्यांचे दागिने होते. आमच्या वाचकांपैकी अनेकांना हे ऐकून राग येईल. आमची तक्रार निराळी आहे. क्रूस मंदिराबाहेर गेला म्हणून तो विटाळत नाही. तो तर मुळात नगराबाहेरच्या टेकडीवर होता. परंतु या मुखवट्यावर तो वातावरणापुरता उरला आहे. ज्याला खिळले त्याचे काय झाले, हा प्रश्न तो पोशाख विचारत नाही. धनी नसलेली वेदना म्हणतो ती अशी.

तरीही मॅक्वीनला या एका निकालावर सोडून देणे अन्यायाचे होईल, कारण पुढच्याच दोन वर्षांत त्याने याच प्रश्नाला उत्तर दिले. सप्टेंबर १९९८ मध्ये ‘नंबर १३’ या त्याच्या संग्रहात एमी मलिन्स ही अमेरिकन खेळाडू रॅम्पवर आली. जन्मतः पिंढरीतले एक हाड नसल्यामुळे, ती वर्षाची असताना तिचे दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले होते. १९९६ च्या अटलांटा पॅरालिंपिकमध्ये ती कृत्रिम पायांवर धावली होती. मॅक्वीनने तिच्यासाठी लाकडात कोरलेले पाय करवून घेतले. त्यांवर द्राक्षवेली आणि फुले कोरलेली होती. ती चालत गेली तेव्हा पाहणाऱ्यांपैकी अनेकांना ते उंच बूटच वाटले. त्याच महिन्यात एका ब्रिटिश मासिकाचा अतिथी संपादक म्हणून त्याने अपंग स्त्री-पुरुषांची छायाचित्रे देणारा अंक काढला आणि मुखपृष्ठावर मलिन्सला आणले.

या लाकडी पायांत आणि आधीच्या धातूच्या कण्यात एवढा फरक का पडतो? कौशल्य दोन्हींकडे सारखेच आहे. फरक असा, की कणा कुणीही बांधू शकते. हे पाय मात्र जगात एकाच स्त्रीच्या अंगाला बसतात. ज्या उणिवेवर समाज सहानुभूतीची चादर घालतो, तिथे तिने द्राक्षवेल चढवली. कुणी विचारील, मग ते नेमके सत्य झाकणे झाले नाही का? नाही. कारण बूट समजणाऱ्यांची समजूत नंतर तिनेच हसत दुरुस्त केली. गुपित तिचे होते आणि ते फोडण्याची वेळही तिने निवडली.

सप्टेंबर २००० मधला ‘व्हॉस’ हा संग्रह यापेक्षा अवघड आहे, आणि आमच्या कसोटीला तोच खरा ताण देतो. रंगमंचाच्या जागी आरशांची एक मोठी पेटी होती. कार्यक्रम तासाभराहून अधिक उशिरा सुरू झाला आणि तेवढा वेळ त्या नामवंत प्रेक्षकांना समोर स्वतःचाच चेहरा पाहत बसावे लागले. मग आतले दिवे लागले. वेड्यांच्या इस्पितळाची खोली दिसू लागली. डोक्याला पट्ट्या गुंडाळलेल्या मॉडेल आत फिरत होत्या. त्यांना बाहेरचे दिसत नव्हते. एकीच्या पोशाखाचा वरचा भाग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात त्या काचपट्ट्यांचा होता. सुमारे २००० काचपट्ट्या, प्रत्येक लाल रंगवलेली, आणि खाली शहामृगाची लाल पिसे. चालताना त्या किणकिणत होत्या. शेवटी आतली दुसरी पेटी फुटली आणि तिच्यात तोंडाला श्वासनळीचा मुखवटा लावलेली एक स्थूल स्त्री पहुडलेली दिसली. भोवती पतंग उडत होते. ही रचना जोएल-पीटर विटकिन या छायाचित्रकाराच्या १९८३ सालच्या एका छायाचित्रावरून घेतली होती.

या मॉडेल रुग्ण नव्हत्या. मग ही उसनवारी नव्हे काय? आहे, परंतु तिची परतफेडही तिथेच होते. मॅक्वीनने रुग्णाला पाहायला आलेल्या माणसाला आधी स्वतःकडे पाहायला लावले. सुंदर कोण, विद्रूप कोण, आत कोण कोंडले आहे आणि बाहेर कोण, हे ठरवणारी नजरच त्याने कठड्यात उभी केली. काचपट्टीवरचा रक्ताचा थेंब हा तर इस्पितळात गेलेल्या प्रत्येकाचा असतो. त्याला नाव नसले तरी तो आपलाही असू शकतो. म्हणून आमच्या कसोटीत एक दुरुस्ती करावी लागते. दुखण्याचा धनी पोशाखात प्रत्यक्ष नसला, तरी त्याच्या वतीने पाहणाऱ्याला जाब विचारला जात असेल, तर ती कला खोटी नव्हे. मॅक्वीनने ११ फेब्रुवारी २०१० रोजी, चाळिसाव्या वर्षी, स्वतःचे जीवन संपवले. या मृत्यूच्या उजेडात मागे वळून त्याच्या प्रत्येक टाक्यात दुःख शोधण्याची प्रथा पडली आहे. ती आम्ही टाळतो. कलाकृतीचा न्याय कलाकृतीवरूनच व्हावा. मृत्यूला प्रशस्तिपत्रक करू नये.

याच सामग्रीची दुसरी बाजू मिलान शहरात दिसली. फेब्रुवारी २०१८ मध्ये गुच्ची या श्रीमंत घराण्याने, अलेस्सांद्रो मिकेले त्याचा मुख्य वेशभूषाकार असताना, शस्त्रक्रियागृहाच्या देखाव्यात आपला संग्रह मांडला. मधोमध ऑपरेशनची टेबले, वर दिव्यांचे झुंबर. आणि दोन मॉडेल स्वतःच्याच मस्तकाच्या हुबेहूब प्रतिकृती हातात धरून चालत आल्या. माणूस स्वतःला नव्याने घडवू शकतो, हा त्यामागचा विचार होता. विचार मोठा, पण त्या टेबलावर कुणी निजलेले नव्हते. ज्या टेबलासमोर आपण बाहेरच्या बाकावर बसून जपमाळ ओढतो, ते टेबल इथे खोलीची सजावट होऊन बसले होते.

सप्टेंबर २०१९ मध्ये याच घराण्याने आपल्या कार्यक्रमाच्या आरंभी रुग्णाचे हात जखडणाऱ्या अंगरख्यासारखे पांढरे पोशाख दाखवले. मॉडेल सरकत्या पट्ट्यावर निश्चल उभ्या होत्या. त्यांतल्या आयेशा टॅन-जोन्स या मॉडेलने मध्येच दोन्ही तळहात वर केले. त्यांवर, मानसिक आरोग्य ही फॅशन नव्हे, अशा आशयाचे शब्द लिहिलेले होते. मनाच्या आजारातून आपण आणि आपली माणसे गेली असल्याचे टॅन-जोन्सने नंतर सांगितले. समाज माणसाला कसा गणवेशात कोंबतो हे दाखवण्यासाठी ते पोशाख होते, ते विकले जाणार नाहीत, असे घराण्याने स्पष्ट केले. हेतू खरा मानला तरी घडले ते बोलके आहे. दुखण्याचा धनी पोशाखाच्या आतच उभा होता आणि त्याला कुणी विचारले नव्हते. त्या संध्याकाळची सर्वांत अस्सल कलाकृती कापडाची नव्हती. ती दोन तळहातांवर शाईने लिहिलेली होती.

आमच्या या म्हणण्यावर एक आक्षेप येईल, आणि तो आमच्याच अंगणातून येईल. आपल्या मंदिरांतील मूर्ती काय कमी भयंकर आहेत? संत लुसीच्या हातातल्या तबकात डोळे असतात, संत अपोलोनियाच्या हातात दात धरलेला चिमटा. त्याच मिलान शहराच्या महामंदिरात मार्को द अग्राते याने १५६२ साली घडवलेली संत बार्थोलोम्यूची मूर्ती आहे. या प्रेषिताची जिवंतपणी कातडी सोलली अशी परंपरा सांगते. मूर्तीत प्रत्येक स्नायू आणि शीर उघडी आहे, आणि खांद्यावरून खाली शालीसारखे ओघळलेले जे वस्त्र वाटते ती त्याचीच कातडी आहे. याहून काळोखा पोशाख कुणी कल्पिला असेल असे वाटत नाही.

आक्षेप रास्त आहे. पण तो आमची कसोटी मोडत नाही, पक्की करतो. ती कातडी बार्थोलोम्यूची आहे. ते डोळे लुसीचे आहेत. यातनेचे साधन आणि यातना सोसणारा यांना मूर्तिकाराने वेगळे केलेले नाही. शुभवर्तमानात पुनरुत्थित प्रभू आपल्या जखमा बुजवून आला नाही. थोमाला त्याने स्वतःहून हात आणि कूस दाखवली. जखम ज्याची, दाखवणाराही तोच. आणि दाखवली ती समोरच्याचा संशय जावा म्हणून. आमच्या प्रश्नाचे मूळ शोधू गेले तर ते बहुधा इथे सापडेल.

आता आपल्या बाजूला येऊ. वांद्र्याच्या मोत माउलीच्या सप्टेंबरातल्या जत्रेत मेणाचे हात, पाय, डोळे विकायला असतात, आणि भाविक आपल्या दुखऱ्या अवयवाच्या आकाराचे मेण माउलीच्या पायाशी ठेवतात. वसई-पालघरची कितीतरी कुटुंबे हे करीत आली आहेत. देहाचा भाग देहाबाहेर काढून मांडण्याची ही कल्पना मॅक्वीनच्या कण्याहून जुनी आहे. त्या ढिगात सगळे पाय सारखेच दिसतात, पण ठेवणाऱ्याच्या मनात प्रत्येक पायाला नाव असते.

उपकरण आणि सौंदर्य यांचा मेळ भारतात फॅशनवाल्यांच्या आधी एका कारागिराने घातला. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात रामचंद्र शर्मा हे फारसे न शिकलेले कारागीर आणि अस्थिशल्यचिकित्सक डॉ. पी. के. सेठी यांनी रबर व लाकूड यांचा जो पाय तयार केला, तो ‘जयपूर फूट’ म्हणून जगभर गेला. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परदेशी कृत्रिम पाय बुटात घालण्यासाठी बनलेला होता. आपला माणूस उंबऱ्याबाहेर चप्पल काढतो, जमिनीवर मांडी घालतो, उकिडवा बसतो, भाताच्या चिखलात उतरतो. या सवयी पाहून नवा पाय घडला. त्याला बोटे दिली गेली आणि कातडीचा रंग दिला गेला. लाकडी द्राक्षवेलीचा डौल त्याला नाही. पण धन्याची ओळख ठेवून घडवलेली वस्तू कशी असते, याचा याहून चांगला धडा वेशभूषेच्या विद्यार्थ्याला मिळणार नाही.

हाच पाय लावून मुंबईची नर्तिका सुधा चंद्रन जानेवारी १९८४ मध्ये पुन्हा रंगमंचावर उभी राहिली. १९८१ साली तामिळनाडूत बसच्या अपघातानंतर तिचा उजवा पाय कापावा लागला होता. तिच्या जीवनावर १९८५ साली तेलुगूत ‘मयूरी’ आणि १९८६ साली हिंदीत ‘नाचे मयूरी’ हे चित्रपट निघाले आणि दोन्हींत तिनेच काम केले. नृत्याच्या वेशात ते रबरी पाऊल रंगवलेल्या तळव्यासह आणि घुंगरांसह दिसते. इथपर्यंत कथा आपल्या परिचयाची आहे. पण ऑक्टोबर २०२१ मध्ये तिने एक ध्वनिचित्रफीत प्रसृत करून सांगितले, की विमानतळावर तपासणीसाठी दर खेपेला तिला कृत्रिम पाय काढून दाखवायला लावतात. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने त्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. रंगमंचावर ज्याला आपण पाऊल म्हणून टाळ्या दिल्या, तेच तपासणीच्या टेबलापाशी यंत्र झाले. उपकरण देहाचा भाग आहे की देहावरची वस्तू, हा मॅक्वीनच्या कलेतला प्रश्न असा रांगेत उभ्या असलेल्या एका स्त्रीला जगावा लागतो.

झाकणे-दाखवणे हे धन्याच्या हाती नसले की काय होते, हे महाराष्ट्राने कुष्ठरोग्यांच्या चपलांत पाहिले आहे. बधिर पायांना जखमा होऊ नयेत म्हणून मऊ रबराच्या खास चपला दिल्या जात. चपला उत्तम, पण त्यांच्या वेगळ्या घडणीवरून रोग ओळखू येई, आणि म्हणून कित्येक जण त्या घालीत नसत. पाय वाचवणारी वस्तू माणसाला वाळीत टाकणारी खूण झाली. दुसरीकडे, १९४९ साली सुरू झालेल्या बाबा आमटे यांच्या आनंदवनात झडलेल्या बोटांनी माणसे मागावर बसली आणि त्यांनी विणलेले कापड घराघरांत गेले. दुखण्याच्या धन्याने वस्त्र निर्माण केल्याचे हे उदाहरण कोणत्याही रॅम्पवर मांडण्याजोगे आहे.

आणि आता बोईसरचा विषय. रासायनिक कारखान्यांच्या परिसरात भाजण्याचे अपघात होतात, हे तिथल्या कुटुंबांना सांगायला नको. भाजलेल्या माणसाची जखम भरल्यावर व्रण जाड होऊन आखडू नयेत म्हणून त्याला प्रेशर गारमेंट घालावे लागते. अंगाला घट्ट बसणारे लवचिक कापड, दिवसाचे सुमारे तेवीस तास, कित्येक महिने. कधी वर्षाहून अधिक. चेहरा भाजला असेल तर त्याच कापडाचा मुखवटा, डोळे-नाक-तोंडाला तेवढी भोके. हे खरेखुरे वैद्यकीय वस्त्र आहे. मिलानच्या रॅम्पवर असा मुखवटा आला तर छायाचित्रकारांची झुंबड उडेल. बोईसरच्या बाजारात तोच चढवून माणूस आला तर लोक नजर वळवतात, मुले आईच्या मागे लपतात, आणि तो माणूस रविवारच्या मिस्सेला यायचे थांबतो. उकाड्यात ते कापड किती जाचते, त्याला कोणता रंग असावा, गळपट्टी कशी असावी, हे प्रश्न वेशभूषेचे आहेत. ज्या गावात कापड आणि औषध दोन्ही बनते तिथल्या फॅशन शिकणाऱ्या मुलीने ते हाती घ्यावेत, अशी आमची अपेक्षा अवाजवी नसावी.

अशक्य ते मुळीच नाही. चष्मा हेही एक वैद्यकीय उपकरणच. एकेकाळी मुलीला चष्मा लागला की तिच्या लग्नाची काळजी सुरू होई. आज लोक दुकानात तासभर उभे राहून चौकट निवडतात, आणि काही जण नंबर नसताना घालतात. नजर अधू असण्याची लाज कमी झाली, त्यात चौकटी घडवणाऱ्यांचा वाटा मोठा आहे. श्रवणयंत्राला अजून ते भाग्य लाभलेले नाही. ते कानाच्या आत किती खोल लपते यावर त्याची किंमत वाढते.

तेव्हा काळोख्या फॅशनला आम्ही सरसकट नाकारीत नाही, आणि तिला डोक्यावरही घेत नाही. तिच्यातला जो भाग रुग्णाची वस्तू घेऊन रुग्णाला बाहेर ठेवतो, तो कितीही देखणा असला तरी उसना आहे. जो भाग रुग्णाला आत घेतो, किंवा पाहणाऱ्याला त्याच्या नजरेचा हिशेब विचारतो, तो आपल्याला काही शिकवतो. ते शिकायला लंडनला जावे लागत नाही. दरवर्षी प्रत्येक धर्मग्रामात पहिल्या कम्युनियनचे पांढरे फ्रॉक शिवले जातात, आणि कुठे ना कुठे एखाद्या मुलीच्या पायाला कॅलिपर असतो. रीत अशी, की फ्रॉक चार बोटे लांब करायचा आणि पट्टा झाकून टाकायचा. कदाचित त्या मुलीलाही तेच हवे असेल. कदाचित पट्ट्याच्या चामड्यावर पांढरी फीत आणि दोन फुले हवी असतील. माप घेताना शिवणाऱ्या बाईने आईकडे न पाहता हा प्रश्न त्या मुलीलाच विचारावा.